दात बत्तीस, दिवस चार

"तोंड मीट" असं सांगितल्यावर जिला तोंड मिटता यायचं नाही अशी एक बाई मला माहीत होती. तिचा हट्ट नव्हता तो. वरचे दात एवढे पुढे होते की ओठ त्यांच्यावरून खाली यायचाच नाही. सासरी तिला खवणी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तीही ओ द्यायची.

मी सापगावला तिच्या घरी नऊ वर्षं भाड्याने राहिले. घराच्या मागे गोठ्याला लागून एक पडवी होती आणि पडवीच्या टोकाला माझी खोली. नवरा वारल्यावर मी शहापूरच्या बाजारातल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागले होते. लोकांची थुंकायची भांडी धुवायची, हत्यारं उकळायची, लादी पुसायची. माझं शिक्षण शेणव्याच्या शाळेत चौथीपर्यंत. त्या काळात तेवढ्यावर हे काम मिळालं. किळस मला कधी वाटली नाही. माणसांच्या तोंडात काय असतं ते रोज पाहिलं की माणसांबद्दलचे बरेच गैरसमज जातात.

घरमालकीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मी तिला वैनी म्हणायचे. ती मला फार आवडायची असं नाही. एक तर ती बोलायची फार, आणि दुसरं म्हणजे फक्त माणसांशीच बोलायची असं नाही. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची. रेडिओवर कोणी साहेब भातावरच्या रोगाची माहिती सांगायला लागला की हातातलं काम तसंच धरून त्याला उत्तर द्यायची, "सांगतोस खुर्चीत बसून. ये की चिखलात आवणीला, मग बोलू." साहेब आपला बोलतच राहायचा. मग ती म्हणायची, "बघ, ऐकून पन घेत नाय."

हसताना तोंड झाकायची नाही. तिच्या वयाच्या बायका चांगल्या दातांवरसुद्धा पदर धरायच्या. ही सगळे दात उघडे टाकून हसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "झाकून काय करू? हत्तीनं सुळे झाकले तर बरा दिसंल काय?"

त्या घरात नऊ माणसं होती. भातशेती, दोन म्हशी, आणि ओटीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी सासू. सासूला सगळे म्हातारीच म्हणायचे. नवरा भला होता, म्हणजे मारायचा नाही. काम सगळं वैनीवर. ती बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायचीसुद्धा उकिडवी, एक पाय उचलायच्या बेतात ठेवून.

फक्त महिन्याचे चार दिवस ती बसायची. त्या घरात विटाळ कडक पाळायचे. कावळा शिवला की बाईनं मागच्या पडवीत गोणपाटावर बसायचं. पाण्याला हात लावायचा नाही, चुलीकडे जायचं नाही, गोठ्यात शिरायचं नाही. भाकरी वरून टाकायचे. दवाखान्यात येणाऱ्या शिकलेल्या बाया याला वाईट म्हणायच्या आणि खरंच ते वाईटच होतं. पण वैनी त्या दिवसांची वाट पाहायची. दिवस आला की अंगणातून आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, "शिवू नका गो मला कोणी." एवढ्या आनंदानं बाई आपला विटाळ सांगताना मी दुसरीकडे पाहिली नाही.

पहिला दिवस ती झोपायची. सकाळी गोणपाटावर आडवी झाली की तोडलेल्या झाडासारखी संध्याकाळपर्यंत पडून. पहिल्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही असा तिचा नियम होता. दुसऱ्या दिवशी नखं कापायची, केसांना तेल लावायची, पायांच्या भेगांत मेण भरायची. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात सरकून बसायची आणि गप्पा मारायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायला उठायची तेव्हा तिचा चेहरा बघवायचा नाही.

माझी आणि तिची कपडे वाळत घालायची दोरी एकच होती, पडवीच्या मागे, पुरुषांच्या नजरेआड. एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की दोरीवर माझेच कपडे असतात. तिच्या विटाळाच्या चिंध्या बऱ्याच महिन्यांत मी पाहिल्या नव्हत्या. ती बसते मात्र नेमानं. पडवीच्या कुडावर कोळशाच्या रेघा ओढून तारीख धरते. मी तिसऱ्या दिवशी सरळ विचारलं.

"वैनी, तुमचं बंद झालंय ना?"

तिनं आधी ओटीच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाली, "दीड वरीस झालं."

"मग बसता कशाला?"

"तू रविवारी दवाखान्यात जातेस?"

"नाय. बंद असतो."

"मग?" असं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मी कोणाला सांगितलं नाही. कोणाचं काय जात होतं? देवाचं काही बिघडत असेल तर देवानं बघावं.

खोटं ती फार इमानदारीनं चालवायची. सोयीनं दिवस पुढे-मागे केला असं कधी झालं नाही. आवणीच्या ऐन धांदलीत बसली असती तरी कोणी काही म्हणू शकलं नसतं, पण तारीख नसेल तर ती चिखलात वाकून असायची. एका वर्षी तारीख नेमकी गौरीत आली. मी म्हटलं, यंदा चार दिवस पुढे ढकला, सणाला तुम्ही घरात हव्यात. म्हणाली, "म्हातारी बोटांवर धरते. एकदा चुकलं की संपलं."

"आणि गौर काय म्हणेल?"

"काय म्हणते? ती बाईच हाय. ती पन माहेरी येते ना, तीन दिस बसून खायाला."

घरात गौर बसली होती आणि मागे ही झोपली होती.

विटाळ बंद झाला त्याच सुमारास तिचे दात आणखी पुढे यायला लागले. हे मी दवाखान्यात असल्यामुळे मला दिसलं. आधी समोरच्या दोन दातांत फट नव्हती, ती पडली. दात पंख्यासारखे पसरायला लागले. हिरड्या खाली उतरल्या. झोपेत तोंड उघडं राहायचं आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची. तोंडात पाणीच राहत नाही म्हणायची. पिठलं-भाकरी खाताना घोटाघोटाला पाणी लागायचं. म्हातारी ओटीवरून म्हणायची, "आता काय, खवणी अंगणापर्यंत जाईल."

एके दिवशी पडवीत बसलेली असताना ती मला म्हणाली, "तुमच्याकडं पोरींच्या दातांना तारा लावतात ना? मला लावतील काय?"

मी म्हटलं, "या वयात काय करायचंय? लगीन राहिलंय का तुमचं?"

ती हसली नाही. म्हणाली, "लहानपनापासून जो येतो तो सांगतो, तोंड मीट. बापानं सांगितलं, मास्तरानं सांगितलं, म्हातारीनं तर रोज. मला एकदा मिटून बघायचंय गो. कसं वाटतं ते."

धाकटा मुलगा कंपनीत लागला होता, त्यानं खर्च उचलला. घरात सगळे हसले. नवरा म्हणाला, "कर काय करायचं ते." म्हातारी म्हणाली, "म्हातारी घोडी, लाल लगाम." पण हो-ना करता करता ती एका गुरुवारी सुनेला घेऊन दवाखान्यात आलीच. गुरुवारी कल्याणहून तारांचा डॉक्टर यायचा. तरुण होता, हुशार होता, हात हलका होता. पन्नाशीच्या बाईला तार लावायची म्हटल्यावर त्यालाही गंमत वाटली. त्यानं कार्ड भरायला घेतलं. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत का. मग विचारलं, "पाळी येते का अजून?"

खुर्चीच्या एका बाजूला सून उभी होती, दुसऱ्या बाजूला ट्रे घेऊन मी. वैनीनं छताकडे बघत सांगितलं, "येते की. महिन्याच्या महिन्याला."

डॉक्टरनं कार्डावर लिहिलं. मी ट्रे पुढे केला.

तार लागली. आमच्याकडे तेव्हा शाळकरी पोरींच्या तोंडातसुद्धा तार क्वचित दिसायची. ही ती घेऊन दळण आणायला जायची, मयताला जायची, हळदीकुंकवाला जायची. लोक थांबून बघायचे. एका मयताच्या घरी बाया रडायच्या थांबल्या आणि हिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ही त्यांना म्हणाली, "आधी रडून घ्या, मग दाखवते." आणि खरंच दाखवलं.

दवाखान्यात ती इतर पेशंटांना धीर द्यायची, म्हणजे घाबरवायची. "पयल्यांदा आठ दिस जीव नकोसा होतो, मग सवय होते. लग्नासारखंच हाय." डॉक्टरला तिनं विचारलं, "तुमचे दात कोनी ओढले?" तो म्हणाला, "माझे सरळच होते." "मग तुमाला काय ठावं," असं म्हणून तिनं तोंड उघडलं. त्या दिवसापासून तो तिला थोडा वचकून असायचा.

मधे एकदा गुरुवार तिच्या चार दिवसांत आला. ती यायला तयार नव्हती. विटाळाची अडचण नव्हती, झोपायची होती. मला म्हणाली, "सांग तुझ्या डॉक्टरला, शिवायची नाय म्हनून." मी जाऊन तसं सांगितलं. डॉक्टर वैतागला. "अहो मावशी, पाळीत तार घट्ट करायला काय हरकत आहे?" पण कार्डावर त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे माझ्या तोंडून त्याला दुसऱ्यांदा खात्री पटली. याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पाच-सहा महिन्यांत दात भराभर मागे आले. डॉक्टर खूश, ती त्याहून खूश. ओठ दातांच्या टोकापर्यंत यायला लागला. पडवीत बसून आरशाच्या तुकड्यात बघायची आणि बोटानं ओठ खाली ओढून धरायची. "एवढंच राहिलं गो."

मग हिरड्या सुजल्या. चूळ भरली की रक्त. एक दिवस तिनं मला जवळ बोलावलं आणि जिभेनं समोरचा दात ढकलून दाखवला. तो हलला. शेजारचाही हलला. हललेले दात मी रोज पाहत होते, पण ते उपटायच्या आधीचे.

गुरुवारी डॉक्टरनं फोटो काढला. फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हाड विरळ दिसतंय. दात एवढे सैल व्हायला नकोत." सुनेला आणि वैनीला त्यानं नीट समजावून सांगितलं. पाळी गेल्यावर काही बायकांची हाडं विरळ होतात, तशी जबड्याचीही होऊ शकतात. हिरड्या नाजूक होतात, तोंड कोरडं पडतं. अशा बाईला तार लावता येत नाही असं नाही. पण फार हलकी ओढावी लागते, मधे मधे थांबावं लागतं, हिरड्या जपाव्या लागतात. तरण्या पोरीसारखं ओढून चालत नाही. "पण तुमची पाळी चालू आहे म्हणता," तो म्हणाला. "चालू आहे ना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सून तिच्याकडे बघत होती. मीही बघत होते.

"चालू हाय," वैनी म्हणाली.

त्यानं साखर तपासायला रक्त काढून घेतलं. साखर निघाली नाही. तो बुचकळ्यात पडला आणि पुढच्या गुरुवारी बघू म्हणाला. तार होती तशीच राहिली, ओढत.

त्या आठवड्यात आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "वैनी, खरं सांगून टाका त्याला. दात हातात येतील."

"सांगितलं की सूनबाईला कळंल. तिला कळलं की म्हातारीला."

"कळू दे की."

"कळू दे म्हनतेस. मग बसू कुठं मी?"

"दात गेल्यावर बसून काय करणार?"

तेव्हा ती म्हणाली, "दात बत्तीस हायत गो. दिवस चारच हायत."

हे ती चिडून बोलली नाही. दमलेल्या माणसाच्या आवाजात बोलली. मला ते कळलं, आणि तरीही मी पुढच्या गुरुवारी पेशंट यायच्या आधी डॉक्टरला सांगितलं. लादी पुसता पुसता सांगितलं, "ती सापगावची बाई, तिचं तीन वर्षांपूर्वी बंद झालंय. घरात माहीत नाही. घरात कळता कामा नये." त्यानं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते तुम्हाला नाही कळायचं. तो म्हणाला, "बरं. मी कशाला सांगू?"

त्या दुपारी वैनी आणि सून आल्या तेव्हा तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. ओढणारी तार काढली, बारीक सैल तार घातली, हिरड्या साफ केल्या आणि चार महिने काही ओढायचं नाही म्हणाला. वैनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी धुवायला आत गेले.

संध्याकाळी निघताना डॉक्टरनं मला एक चिठ्ठी दिली. शहापुरातल्या बायकांच्या डॉक्टरीणबाईसाठी होती. हाडांची तपासणी करून गोळ्या लिहून द्याव्यात म्हणून. "घरी देऊन टाका, उशीर नको," म्हणाला. चिठ्ठी इंग्रजीत होती. मला इंग्रजी येत नव्हतं. मी वर्षानुवर्षं दवाखान्यातल्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानात नेल्या होत्या. चिठ्ठीत गोळ्यांची नावं असतात एवढंच मला ठाऊक. दुसरं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी पोचले तर वैनी गोठ्यात दूध काढत होती. ओटीवर म्हातारी आणि सून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. म्हटलं, डॉक्टरीणबाईकडे जायचंय, सासूला दे. आणि मागे खोलीकडे जायला वळले.

सून बारावी शिकलेली. वाईट नव्हती पोरगी, पण तिला आपलं इंग्रजी कोणी ऐकलं की बरं वाटायचं. तिनं एकेक शब्द लावत वाचलं आणि मग म्हातारीला मराठीत सांगितलं, "यात लिवलंय, आईंची पाळी बंद होऊन तीन वर्षं झालीत." सांगून झाल्यावर ती स्वतःच थांबली. काय वाचलं ते तिला मागाहून कळलं.

मी दारात उभी. वैनी दुधाचं भांडं घेऊन आत येत होती, तीही उभी. म्हातारीचं तांदूळ निवडणं थांबलं. मला वाटलं आता शिव्या. पण म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं आणि सावकाश म्हणाली, "बरं झालं. सुटलीस म्हनायची. आता देवाचं समदं तुझ्याच हातचं. गौरीचं, कुळाचाराचं. मलाबी आता होत नाय." मग थोड्या वेळानं, "तीन वरीस. लय झोपलीस."

वैनीनं म्हातारीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होती.

दूध ठेवून ती माझ्या खोलीच्या दारात आली.

"तूच ना?"

"मीच."

"का?"

"दात पडले असते तुमचे."

"माझे पडले असते," ती म्हणाली. "तुझं काय जात होतं?"

ती उभी राहिली थोडी, मग म्हशीला वैरण टाकायला गेली.

पुढच्या महिन्यात तारीख आली आणि गेली. कुडावर रेघ निघाली नाही. विटाळ नसलेली बाई घरात किती उपयोगाची असते ते तिला तेव्हा कळलं असेल. आळीतले लोकसुद्धा पूजेच्या स्वयंपाकाला तिलाच बोलवायला लागले, कारण तिची अडचण कधी येणार नव्हती. सून आपले चार दिवस पडवीत बसायची, आणि तिचंही काम वैनीकडे. सून बसली असताना वैनी तिला वरून भाकरी टाकायची. मी खोलीतून बघायचे.

तिनं मला खोली सोड म्हणून सांगितलं नाही. ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. आणि माझ्याशीच नव्हे, रेडिओशीही बोलायची नाही. आळीतले म्हणायचे, तारेनं बाई सुधारली. दोन महिन्यांनी मीच खोली सोडली आणि शहापुरात बाजाराजवळ राहायला गेले.

दवाखान्यात ती यायची, कारण डॉक्टर बोलवायचा. तिनं गोळ्या घेतल्या. दोन वर्षांचं काम साडेतीन वर्षं चाललं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा हलकं ओढायचं. दात घट्ट झाले, एकही गेला नाही. शेवटी तार काढली आणि दात पुन्हा पसरू नयेत म्हणून मागच्या बाजूनं एक बारीक तार कायमची चिकटवली. डॉक्टरनं आरसा दिला. तो फार आनंदात होता. एवढ्या वयाच्या बाईचं एवढं चांगलं काम त्यानं आधी केलं नव्हतं.

तिनं ओठ मिटले. ते मिटले. बराच वेळ आरशात बघितलं.

"कसं वाटतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"मिटलं," ती म्हणाली आणि आरसा माझ्या हातात दिला.

मी चूक केली की बरोबर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक म्हणतात, चांगल्यासाठी केलंस. चांगल्यासाठी केलं हे खरं, पण ते मी ठरवलं. चिठ्ठी नसती तर काय झालं असतं? कदाचित दात राहिले असते आणि दिवसही राहिले असते. पण चिठ्ठी होती आणि ती मीच नेऊन दिली.

पुढे बरीच वर्षं गेली. म्हातारी गेल्याचं मला कळलं, मी भेटायला गेले नाही. काम सोडून मी मुरबाडला बहिणीच्या मुलीकडे राहायला गेले. डोळ्यांच्या तपासणीसाठी एकदा शहापूरला निघाले होते. मुरबाडच्या स्टँडवर एसटीत बसले आणि गाडी सुटता सुटता वैनी चढली. हातात दोन पिशव्या, एका पिशवीत मुलांच्या वह्या. गाडीत जागा माझ्याच शेजारी होती. तिनं मला पाहिलं, क्षणभर उभी राहिली आणि बसली.

सरळगाव गेल्यावर म्हणाली, "अजून भांडी धुतेस?"

"नाय. सोडलं."

"बरं केलंस."

मी तिच्याकडे पाहिलं. ओठावर ओठ, चारचौघींसारखं तोंड. ओळखीचं नसतं तर लक्षही गेलं नसतं.

"म्हातारी गेली म्हणे," मी म्हटलं.

"झालं त्याला वरीस."

"मग आता जरा मोकळ्या झालात."

"कसली मोकळी. सूनबाई नोकरीला जाते. नातवंडं माझ्याकडं, म्हशी माझ्याकडं." मग म्हणाली, "ती आता पडवीत नाय बसत. पडवी पाडली. बाथरूम काढलं तिथं."

एवढं बोलून तिनं मान मागे टाकली. किन्हवलीच्या अलीकडेच ती झोपली. आधी डोकं हलत होतं, मग माझ्या खांद्यावर आलं. वजन बरंच होतं. माझा खांदा तेव्हाच दुखायचा, तरी मी हलले नाही.

सापगाव आलं. कंडक्टर ओरडला. मग जवळ येऊन म्हणाला, "मावशींना उठवा, सापगावचं तिकीट हाय त्यांचं."

"पुढं उतरतील," मी म्हटलं.

"तिकीट सापगावचं हाय."

"मी काढते शहापूरचं. तू घंटी मार."

गाडी पुलावरून शहापूरला आली. सगळे उतरले. कंडक्टरनं उतरून दार आपटलं तेव्हा ती जागी झाली. खिडकीतून बाहेर पाहिलं, स्टँड पाहिला.

"सापगाव गेलं?"

"गेलं."

"उठवलं का नाय?"

"झोपल्या होतात तुम्ही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल जे इतकी वर्षं बोलली नव्हती. तिनं विचारलं, "ही गाडी परत मुरबाडलाच जाते ना?"

"जाते. सापगाववरूनच."

"ड्रायव्हर कुठं गेला?"

"चा प्यायला."

"मग बस जरा," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ टळून गेली होती. मी बसले.